होडीमागील मोटार का मंदावते?

होडीच्या पिछाडीला दोन चापांनी आवळून बसविलेली, वर यंत्र, मध्ये उभा दांडा आणि खाली पाण्यात फिरणारा पंखा अशा बांधणीची मोटार आज बंदरोबंदरी दिसते. इंग्रजीतून आलेले ‘आउटबोर्ड’ हे तिचे नाव कोळीवाड्यांतून आता मराठीच झाले आहे. होडीच्या पोटात कायमचे बसविलेले इंजिन वेगळे आणि ही काढघालीची मोटार वेगळी. हिला खांद्यावर टाकून घरी नेता येते, एका होडीवरून काढून दुसरीवर लावता येते, आणि वाळूला लागताना तिचा पाय वर उचलून घेता येतो. इतकी सोय असलेल्या या यंत्राला जन्मापासून एक दुखणे मात्र जडलेले आहे. किनारा दृष्टीआड होऊ लागला की तिचा सूर अकस्मात खाली येतो, होडीचा वेग निम्म्यावर येतो, आणि यंत्र बंदही पडत नाही व जोरही धरीत नाही.

रस्त्यावरील वाहनाची गोष्ट निराळी असते. उतार लागला की त्याच्या इंजिनाला उसंत मिळते, आणि बिघाड झालाच तर गाडी कडेला लावून मिस्त्रीची वाट पाहता येते. पाण्यात उतार नसतो. पंखा सदैव पाणी मागे लोटीत असतो आणि त्यामुळे होडीची मोटार आयुष्यभर बोरघाट चढणाऱ्या ट्रकाप्रमाणे ओझ्याखाली राबत असते. रस्त्यावर सहज खपून जाणारी लहानशी उणीव पाण्यात ताबडतोब उघडी पडते. शिवाय येथे थांबणे म्हणजे जागच्या जागी उभे राहणे नव्हे. ओहोटी आणि वारा नेतील तिकडे जाणे होय. म्हणून या मोटारीचा इतिहास तिच्या वाढत्या अश्वशक्तीच्या आकड्यांत जितका सापडतो, त्याहून अधिक तो तिच्या मंदावण्याच्या कारणांचा माग काढणाऱ्या माणसांच्या खटपटीत सापडतो.

या खटपटीचा प्रारंभ पेट्रोलने झाला नाही, विजेने झाला. गुस्ताव्ह त्रूव्हे या फ्रेंच कारागिराने १८८१ साली पॅरिसमध्ये सीन नदीवर एक लहान होडी विजेच्या मोटारीने चालवून दाखविली. मोटार सुकाणूच्या माथ्यावर बसविलेली होती आणि साखळीने ती खालच्या पंख्याला फिरवीत असे. सुकाणूसह सारे प्रकरण उचलून काढता येई. आजच्या आउटबोर्डची संपूर्ण कल्पना त्यात होती. परंतु त्रूव्हेची वीज बायक्रोमेटच्या रासायनिक घटांतून येत होती, आणि अशा घटांचा जोर आरंभी चांगला असला तरी प्रवाह घेत राहिले की तो उतरू लागतो. आपल्या शक्तीचा साठा बरोबर वाहून नेणारे यंत्र त्या साठ्याच्या दर्जावर अवलंबून असते, हा धडा पहिल्याच होडीने घालून दिला. पुढे पेट्रोलच्या टाकीनेही तो वारंवार दिला आहे.

पेट्रोलवर चालणारी अशी मोटार अमेरिकेत १८९६ पासून विकावयाचे प्रयत्न झाले, पण ती रुजली नाही. येल विद्यापीठात कायद्याचा अभ्यास करणाऱ्या कॅमेरन वॉटरमन या विद्यार्थ्याने मोटारसायकलीच्या इंजिनावरून कल्पना घेऊन १९०५ साली डेट्रॉइट नदीवर आपली मोटार चालवून पाहिली. आरंभी इंजिनाची शक्ती साखळीने पंख्याकडे नेलेली होती. सायकलला शोभणारी ही योजना पाण्यात टिकण्यासारखी नव्हती. वॉटरमनने साखळी सोडून उभा दांडा व काटकोनात मिळणारी दातेरी चाके वापरली, आणि आजतागायत तीच रचना चालत आली आहे. त्याच्या पहिल्या मोटारी हवेने थंड होत. नंतर त्याने नदीचेच पाणी यंत्राभोवती खेळविले. वॉटरमनचे नाव आज फारसे कोणी घेत नाही. कीर्ती गेली ती ओले एव्हिनरूड या दुसऱ्याच माणसाकडे.

एव्हिनरूड जन्माने नॉर्वेचा. १८७७ मध्ये जन्मलेले हे मूल लहानपणीच आईबापांबरोबर अमेरिकेत विस्कॉन्सिन प्रांतात आले. शाळेशी त्याचे फारसे जमले नाही. निरनिराळ्या शहरांतील कारखान्यांत हात काळे करून तो यंत्रविद्या शिकला. त्याच्या शोधाची जी कथा सांगतात ती आइस्क्रीमची. १९०६ च्या सुमारास एका तळ्यातील बेटावर मित्रमंडळी सहलीला गेली होती. बेस कॅरी या तरुणीला आइस्क्रीमची इच्छा झाली, ओले वल्ही मारीत किनाऱ्यावर गेला, आणि परत येईपर्यंत उन्हाने आइस्क्रीम वितळून गेले. कथा गोड आहे. कंपनीच्या जाहिरातींना ती उपयोगी पडली हेही उघडच आहे. तिच्यातील बेस मात्र खरीखुरी होती. ती पुढे ओलेची पत्नी झाली, आणि धंद्याचा पत्रव्यवहार, हिशेब व जाहिराती तिनेच सांभाळल्या. वल्ही फेकून द्या, असा जाहिरातीतून लोकांना सल्ला देणारी तीच. तो सल्ला शब्दशः पाळणारे काही जण पुढे पाण्याच्या मध्यावर पस्तावले असतील, यात शंका नाही.

१९०९ साली बाजारात आलेली एव्हिनरूडची मोटार दीड अश्वशक्तीची होती. वजन ६२ पौंड आणि किंमत ६२ डॉलर. वरच्या आडव्या चक्राला एक मूठ बसविलेली असे. ती धरून चक्राला हिसका द्यावयाचा आणि यंत्र सुरू होताच हात चटकन मागे घ्यावयाचा. ज्याला हे साधले नाही त्याची बोटे ठेचली जात. यंत्र साधे, एकाच सिलिंडरचे, टू-स्ट्रोक पद्धतीचे होते. पेट्रोलमध्ये वंगणाचे तेल मिसळून द्यावयाचे आणि त्या मिश्रणानेच आतील भागांना वंगण मिळावयाचे. झडपा नाहीत, तेलाची वेगळी टाकी नाही. नॉर्वे, स्वीडन व डेन्मार्ककडच्या मच्छीमारांनी ही मोटार हौसेने विकत घेतली, आणि तळ्यातील सहलीसाठी निघालेले यंत्र पोट भरण्याचे साधन झाले.

आरंभीच्या या मोटारींत ठिणगीची वीज होडीत ठेवलेल्या कोरड्या बॅटरीतून येई. होडीत पाण्याचे तुषार उडावयाचेच. पेटी ओलसर झाली, तारेला गंज चढला, की ठिणगी क्षीण होई आणि मोटार खोकू लागे. यावर पुढील काही वर्षांत जो उपाय निघाला तो मॅग्नेटोचा. फिरत्या चक्रातच लोहचुंबक बसविले, म्हणजे यंत्र फिरते तोवर वीज आपोआप निर्माण होते. बॅटरी गेली आणि तिच्याबरोबर मंदावण्याचे एक मोठे कारण गेले. तथापि मॅग्नेटोत ‘पॉइंट’ नावाचे दोन धातूचे बारीक टोक असतात. ते ठराविक क्षणी विलग व्हावे लागतात. त्यांवर मळ बसला किंवा त्यांच्यातील अंतर बदलले, की यंत्र सुरू होते खरे, परंतु वेग वाढविताना ठेचकाळते. कित्येक दशके मच्छीमारांच्या खिशात पॉलिश कागदाचा एक चौकोनी तुकडा असे, तो याचसाठी.

पत्नीच्या प्रकृतीमुळे एव्हिनरूडने आपला हिस्सा १९१४ च्या सुमारास भागीदाराला विकला आणि काही वर्षे या धंद्यात न पडण्याचे वचन दिले. ती मुदत संपल्यावर त्याने ॲल्युमिनियमचा भरपूर वापर केलेली, दोन सिलिंडरची हलकी मोटार तयार केली. जुन्या भागीदाराने ती नाकारली, तेव्हा १९२१ साली ‘एल्टो’ या नावाने ती स्वतंत्रपणे विक्रीस आली. तीन अश्वशक्ती आणि वजन ४८ पौंड. त्याच सुमारास जॉन्सन बंधूंनी त्याहूनही हलकी मोटार काढली. दोन सिलिंडर आल्याने धक्के कमी झाले, पण एक नवीनच फसगत निर्माण झाली. एकच सिलिंडर असता तर ठिणगी गेली म्हणजे यंत्र बंद पडे आणि दोष कळे. आता एक सिलिंडर मेला तरी दुसरा यंत्राला ओढीत राहतो. होडी रेंगाळत चालते, आणि नवखा माणूस पेट्रोलला दोष देत बसतो. जुन्या मिस्त्रींची युक्ती अशी की, चालत्या यंत्राच्या प्लगची एकेक तार क्षणभर काढून पाहावयाची. जी तार काढल्याने आवाजात काहीच फरक पडत नाही तो सिलिंडर आधीपासूनच झोपलेला. इलेक्ट्रॉनिक पद्धतीच्या अलीकडील यंत्रांवर मात्र ही युक्ती करू नये. तीत यंत्राचीही हानी होते आणि हाताला बसणारा धक्का जबर असतो.

प्लग काढून त्याचे टोक पाहणे हा दुसरा जुना संस्कार. टोक फिकट तपकिरी असेल तर सारे ठीक. काळे व ओले असेल तर इंधन जास्त आणि ठिणगी कमी. पांढुरके पडलेले असेल तर इंधन कमी आणि उष्णता अधिक. आणि त्यावर पाण्याचे थेंब दिसले तर टाकीत पाणी शिरले आहे, किंवा आतील गॅस्केट फुटून थंडाव्याचे पाणी सिलिंडरात उतरू लागले आहे. वैद्याने जीभ पाहावी तसा हा प्रकार आहे.

दोष शोधण्याच्या या विद्येचे मोल एका व्यवहारात असे दिसून आले की, त्यातून एक प्रचंड उद्योगच उभा राहिला. १९३९ च्या जानेवारीत कार्ल कीकहेफर या विस्कॉन्सिनमधील तरुणाने सीडरबर्ग गावचा एक बुडालेला कारखाना विकत घेतला. कीकहेफर मूळचा विद्युत्-यंत्रांचा जाणकार. धातू वेगळे काढणारी चुंबकी यंत्रे करावीत असा त्याचा बेत होता आणि होडीच्या मोटारींत त्याला रस नव्हता. परंतु कारखान्याबरोबर त्याच्या पदरी तीनशेहून अधिक मोटारी पडल्या. ‘थॉर’ या नावाच्या या मोटारी माँटगोमेरी वॉर्ड या टपालाने माल विकणाऱ्या मोठ्या पेढीने सदोष म्हणून नाकारलेल्या होत्या. हातात रोकड नव्हती, आणि समोर नापसंत मालाचा ढीग होता. कीकहेफर आणि त्याच्या मूठभर सहकाऱ्यांनी एकेक मोटार उघडली, चुकीच्या गोष्टी सुधारल्या आणि त्या सर्व पुन्हा त्याच पेढीपुढे ठेवल्या. पेढीने त्या घेतल्याच, शिवाय आणखी मागविल्या.

आपल्या हातून तयार न झालेल्या यंत्राची दुरुस्ती करताना माणूस त्या यंत्राचे सारे दुबळे भाग पाहून घेतो. स्वतःच्या रचनेविषयी निर्मात्याला जे ममत्व असते ते त्याच्या ठायी नसते. कीकहेफरने पुढील वर्षी ‘मर्क्युरी’ नावाने स्वतःच्या मोटारी बाजारात आणल्या, तेव्हा हा लाभ त्याच्या गाठी होता. स्वभावाने तो अत्यंत तापट आणि संशयी होता. त्याच्या हाताखाली काम करणे ही सुखाची गोष्ट नव्हती, असे त्याचे चाहतेही सांगतात. पण यंत्र मोडेपर्यंत चालवून पाहावे हा त्याचा हट्ट होता, आणि त्या हट्टाचे उपकार या क्षेत्रावर आहेत. १९५७ साली त्याने फ्लोरिडातील एक तळे गुप्त चाचण्यांसाठी घेतले आणि प्रतिस्पर्ध्यांना ठिकाण कळू नये म्हणून त्याला ‘लेक एक्स’ असे नाव दिले. तेथे रात्रंदिवस होड्या फिरवून मोटारींकडून २५ हजार मैलांचे अंतर, म्हणजे जवळजवळ पृथ्वीप्रदक्षिणाच, पुरी करून घेण्यात आली. इंधनही चालत्या होडीतच भरले जाई.

तळ्यावरील चाचणीत मोटार थांबली तर वहीत एक नोंद होते. दुसऱ्या महायुद्धात एका रात्री तिच्या थांबण्याचा अर्थ फार निराळा होता. १९४४ च्या सप्टेंबरात हॉलंडमधील आर्न्हेम येथे उतरलेली ब्रिटिशांची पहिली हवाई डिव्हिजन ऱ्हाइनच्या उत्तर तीरावर जर्मनांच्या कोंडीत सापडली. सुमारे दहा हजार माणसे उतरली होती. नऊ दिवसांच्या लढाईनंतर त्यांतील उरलेल्यांना नदीपार परत आणण्याचे ठरले. २५ सप्टेंबरची रात्र त्यासाठी निवडण्यात आली. ब्रिटिश इंजिनिअर तुकड्या वल्ह्यांच्या होड्या घेऊन आल्या, आणि कॅनडाच्या इंजिनिअरांनी आउटबोर्ड मोटारी लावलेल्या ‘स्टॉर्म बोटी’ आणल्या. प्रत्येकीच्या मागे एव्हिनरूडची ५० अश्वशक्तीची मोटार होती.

त्या रात्री मुसळधार पाऊस पडत होता. पावसाने शत्रूची दृष्टी झाकली आणि माघारीचा आवाज बुडविला. हजारो सैनिक चिखलातून नदीकाठापर्यंत येऊ शकले ते या पावसाच्या आडोशाने. परंतु तोच पाऊस मोटारींचा वैरी ठरला. होड्या खांद्यावर घेऊन निसरडे बांध ओलांडावे लागले, त्यात काहींच्या तळाला भोके पडली. पाण्यात उतरलेल्या होड्यांच्या मोटारींत पावसाचे पाणी शिरू लागले आणि त्या वारंवार बंद पडू लागल्या. प्रवाह जोराचा होता, पलीकडून तोफा व मशिनगनचा मारा चालू होता, आणि यंत्राचा दिवा लावून तपास करण्याची सोय नव्हती. काळोखात, भिजल्या हातांनी, नुसत्या स्पर्शाने तारा आणि प्लग चाचपावे लागत. ज्या मोटारी चालत राहिल्या त्यांनी आणि ज्या पुन्हा चालू करता आल्या त्यांनी शंभराहून अधिक खेपा केल्या. पहाट होऊन काम थांबवावे लागले तोवर सुमारे २४०० माणसे दक्षिण तीरावर आली होती, आणि त्यांतील बहुतेक कॅनेडियनांच्या होड्यांतून आली होती. अनेक जण उत्तर तीरावर मागे राहिले. या प्रसंगाची वर्णने सेनापतींच्या चुकांविषयी पुष्कळ सांगतात. ओल्या मोटारीच्या दोरीला पुन्हापुन्हा हिसके देणाऱ्या इंजिनिअर शिपायांविषयी मात्र त्यांत थोडेच असते.

युद्धानंतर या मोटारीचे स्वरूप झपाट्याने बदलले, आणि मंदावण्याच्या कारणांनीही रूप पालटले. पूर्वी पेट्रोलची टाकी यंत्राच्या डोक्यावरच असे व इंधन आपल्या वजनाने खाली उतरे. १९४९ मध्ये जॉन्सन कंपनीने दहा अश्वशक्तीची एक मोटार काढली. तिची टाकी होडीत वेगळी ठेवलेली होती आणि नळीने ती यंत्राला जोडलेली होती. तिला पुढे, मागे व मोकळे असे गिअरही होते. सोय मोठी झाली, पण इंधन आता खालून वर न्यावे लागले. त्यासाठी यंत्रातून टाकीत हवेचा दाब सोडण्याची युक्ती होती. एका नळीतून हवा जाई आणि दुसरीतून पेट्रोल येई. अशा टाकीचे झाकण घट्ट बंद असावे लागे. रबरी वर्तुळ जरा कुजले, हवा निसटली, की दाब पडे आणि मोटार उपाशी राही. दहा-बारा वर्षांत ही पद्धत मागे पडली. यंत्रावर लहानसा पडद्याचा पंप आला आणि तो टाकीतून इंधन ओढून घेऊ लागला. आता टाकीत हवा जाण्यासाठी झाकणाचा स्क्रू उघडा असणे आवश्यक झाले. तो बंद राहिला तर टाकीत पोकळी निर्माण होते आणि दहा-पंधरा मिनिटे उत्तम चालून मोटार हळूहळू मरू लागते. जुन्या टाकीवर वाढलेल्या माणसाने नव्या टाकीचे झाकण सवयीने घट्ट आवळावे आणि खाडीच्या तोंडाशी अडकून पडावे, असे प्रकार त्यामुळे सर्वत्र घडले.

या नव्या नळीत मध्ये एक रबरी फुगा असतो. तो दाबून इंधन यंत्रापर्यंत चढवावयाचे. दोष शोधण्याच्या कामी या फुग्याइतका इमानी साक्षीदार दुसरा नाही. मोटार मंदावत असता तो दाबला आणि तिने लगेच उसळी घेतली, तर ठिणगी निर्दोष आहे, दाब निर्दोष आहे, आणि खोट इंधनाच्या वाटेतच आहे हे सिद्ध झाले. मग झाकणाचा स्क्रू, पायाखाली चेपलेली नळी, जोडातून शिरणारी हवा, तुंबलेली गाळणी आणि पंपाचा फाटका पडदा एवढीच ठिकाणे पाहावयाची राहतात. दाबलेला फुगा चपटाच राहिला तर अडथळा टाकीच्या बाजूला आहे. महागड्या उपकरणांवाचून एवढा निर्णय मिळतो, ही लहान गोष्ट नव्हे.

मंदावणारी प्रत्येक मोटार आजारी असते असेही नाही. यंत्र जोराने गर्जत आहे, त्याच्या फेऱ्या वाढल्या आहेत, आणि होडी मात्र जागची हलत नाही, असे असेल तर प्लग उघडण्याचे काहीच कारण नाही. दोष पाण्याखाली आहे. पंख्याला पूर्वी मऊ धातूची एक पिन असे. पंखा खडकावर आदळला तर दातेरी चाके वाचावीत म्हणून ती पिन आधी तुटे, आणि जाणते लोक दोन-तीन पिना चापाजवळ बांधून ठेवीत. पुढे मोठ्या मोटारींत पिनेच्या जागी पंख्याच्या तुंब्यात दाबून बसविलेले रबर आले. ते एकदम तुटत नाही, सैल होऊन घसरू लागते. सावकाश चालविले तर होडी नीट जाते, जोर दिला की घसरते, आणि मालकाला वाटते की इंजिनच निकामी झाले. याच्या उलट फेऱ्याच चढत नसतील तर दोष इंजिनात आहे, किंवा पंख्यात अडकलेल्या जाळ्यात, शेवाळात, किंवा तळाला शिंपल्यांचा थर चढून जड झालेल्या होडीत आहे. या शेवटच्या कारणासाठी चांगली मोटार उलगडून टाकणारे मिस्त्री सर्व देशांत आढळतात.

पाण्याच्या थंडाव्याचीही अशीच गोष्ट. मोटारीच्या पायात रबरी पात्यांचे एक लहान चाक फिरत असते. ते समुद्राचे पाणी ओढून यंत्राभोवती खेळविते, आणि ते फिरत असल्याची खूण म्हणून मागून एक बारीक धार बाहेर पडते. वाळूच्या उथळ पाण्यात मोटार चालविली तर पाती झिजतात. कोरड्यात यंत्र क्षणभर चालविले तरी ती जळतात. धार बारीक झाली म्हणजे यंत्र तापू लागले. तापलेले यंत्र प्रथम आपला जोर हरवते, आणि हट्टाने पुढे हाकले तर त्याचे दट्टे सिलिंडरात आवळून बसतात. नव्या मोटारी तापू लागताच आपला वेग आपणच मर्यादित करतात. चालकाला तो बिघाड वाटतो. वस्तुतः तो यंत्राचा शहाणपणा असतो.

१९६० नंतरच्या दशकात पॉइंट गेले आणि त्यांच्या जागी राळेत बंद केलेली इलेक्ट्रॉनिक पेटी आली. ठिणगी पुष्कळ बलवान झाली, ओलाव्याची भीती बरीच कमी झाली. त्याबरोबर पॉलिश कागदाचा तुकडाही निरुपयोगी झाला. बिघडली तर पेटी फेकावयाची आणि नवी आणावयाची. दुरुस्तीचा अधिकार होडीतून निघून दुकानाकडे गेला तो येथून. १९९० नंतर धुराच्या कायद्यांमुळे इंधन थेट सिलिंडरात फवारणाऱ्या रचना आल्या. एव्हिनरूड आणि जॉन्सन ही दोन्ही नावे बाळगणाऱ्या कंपनीने अशी रचना घाईने बाजारात आणली. तिच्या मोटारी मोठ्या संख्येने बिघडल्या, ग्राहक रुष्ट झाले, आणि डिसेंबर २००० मध्ये कंपनीने दिवाळे काढले. दिवाळ्याला इतरही कारणे होती, पण गिऱ्हाइकाचा विश्वास उडणे हे त्यांतील लहान कारण खचित नव्हते. नवीन मालकाने एव्हिनरूडचे नाव पुढे चालविले. २०२० साली तेही उत्पादन थांबले. बाजार तोवर बव्हंशी जपानी कंपन्यांच्या आणि कीकहेफरच्या मर्क्युरीच्या हाती गेला होता.

जपानी मोटारींचा उल्लेख आला म्हणजे भारताचा पश्चिम किनारा जवळ आला. या किनाऱ्यावर यंत्र प्रथम आले ते होडीच्या पोटातील डिझेल इंजिनाच्या रूपाने. केरळात १९५३ पासून नॉर्वेच्या मदतीने हा प्रयोग सुरू झाला. वाळूवर ओढावयाच्या निमुळत्या होड्यांना असे इंजिन सोईचे नव्हते. गोव्यात १९७० च्या दशकात ट्रॉलरांनी किनाऱ्याजवळचा समुद्र खरवडावयास प्रारंभ केला आणि रापणकारांचे मोठे आंदोलन उभे राहिले. १९८० साली किनाऱ्यालगतचा पट्टा पारंपरिक मच्छीमारांसाठी राखणारा कायदा झाला. पण कायद्याने मासळी परत येत नाही. ती शोधावयास पूर्वीपेक्षा दूर जाणे भाग पडले. वल्ह्यांच्या होडीला ते शक्य नव्हते. अशा वेळी काढघालीच्या मोटारीने लहान होडीवाल्याला स्पर्धेत टिकून राहण्याचे एक साधन दिले, आणि त्याच्या खर्चात इंधन व सुटे भाग यांची कायमची भर घातली.

त्यात या किनाऱ्याने मोटारीपुढे एक कठीण परीक्षा ठेवली. गोवा, कर्नाटक आणि केरळ येथे पेट्रोल परवडत नाही म्हणून मोटारी रॉकेलवर चालविल्या जाऊ लागल्या, आणि सरकारी सवलतीच्या रॉकेलवर हजारो घरांची चूल अवलंबून राहिली. रॉकेलवर चालणारे यंत्र कमी दाबाचे ठेवावे लागते, कारण रॉकेल दाबाखाली अवेळी पेटते. म्हणून त्याच आकाराच्या पेट्रोल यंत्रापेक्षा ते जन्मतःच थोडे दुबळे असते. रॉकेल थंड यंत्रात नीट वाफारत नाही. न जळलेला अंश काजळी होऊन धुराच्या वाटा अरुंद करतो आणि प्लग काळे करतो. मोटार एका दिवसात मंदावत नाही. महिन्यामागून महिना तिचा एकेक घास कमी होतो, आणि तोच जोर मिळविण्यासाठी मालक अधिक रॉकेल जाळू लागतो. परदेशी पुस्तकांत शंभर तासांनी करावयाची म्हणून सांगितलेली साफसफाई येथे त्याहून पुष्कळ लौकर करावी लागते. ज्याच्याजवळ एकच मोटार आहे त्याला मोसमात ती दोन दिवस उघडी ठेवणे जड जाते.

अशा मोटारीला दोन इंधने लागतात. पहाटे ती पेट्रोलवर सुरू करतात, यंत्र तापले की कॉक फिरवून रॉकेल सोडतात, आणि दिवसभर तिच्याकडून त्यावरच काम घेतात. परतताना किनाऱ्यावरील माड दिसू लागले, की चालविणारा कॉक पुन्हा पेट्रोलकडे वळवितो आणि उरलेले अंतर पेट्रोलवर कापतो, म्हणजे कार्ब्युरेटरातील रॉकेल संपून त्यात पेट्रोल भरून राहते. मासळीच्या गडबडीत हे विसरले, तर दुसऱ्या दिवशी थंड यंत्रात रॉकेलच उरलेले असते, आणि होडी लोटून झाल्यावर गुडघाभर पाण्यात उभे राहून दोरीला हिसके देत बसावे लागते.